जिद्द आणि धीर

शर्यतींचा इतिहास लिहिणारे बहुधा घड्याळ हाती घेऊनच लिहावयास बसतात. पहिला कोण आला, त्यास किती तास व किती मिनिटे लागली, दुसरा त्याच्या किती मागे राहिला, एवढी नोंद झाली की त्यांच्या मते इतिहास पुरा होतो. या नोंदवह्यांत एक रकाना मात्र कधीच आढळत नाही. शर्यतीपूर्वीच्या महिन्यांत धावणारा जर दुखापतीने अंथरुणास खिळला असेल, तर ते दिवस त्याने कसे काढले, पुन्हा पाऊल टाकावयास केव्हा प्रारंभ केला, आणि तो प्रारंभ वेळेवर झाला की घाईने झाला, याविषयी त्या वह्या मूक असतात. लांब पल्ल्याच्या शर्यतींचा निकाल पुष्कळदा याच न लिहिलेल्या महिन्यांत लागून गेलेला असतो. अशा काही प्रसंगांचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

हा विचार केवळ क्रीडेच्या आवडीपोटी करावयाचा आहे असे नाही. मुलांच्या हाती आपण जी थोरांची चरित्रे देतो, त्यांत एक ठरावीक कथानक वारंवार येते. नायक पडतो, त्यास दुखापत होते, वैद्य त्यास विश्रांतीचा उपदेश करतात, नायक तो उपदेश झुगारून देतो आणि जिंकतो. हे वाचून मुलाच्या मनावर असा ठसा उमटतो की, वैद्यांचे न ऐकणे हाच पराक्रमाचा प्रारंभ होय. आपण वडील माणसेही परीक्षेच्या वा नोकरीच्या संदर्भात हाच धडा नित्य उगाळीत असतो. मनाची जिद्द असली म्हणजे शरीर मुकाट्याने मागून येते, हे विधान इतके सर्वमान्य झाले आहे की, ते खरे आहे काय असे विचारण्याची कोणास गरजच भासत नाही. इतिहासास मात्र तो प्रश्न विचारता येतो.

प्रथम लांब पल्ल्याच्या धावण्याचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर, म्हणजे सव्वीस मैलांहून किंचित अधिक असते. एवढ्या अंतरात धावणारा हजारो वेळा पाऊल टाकतो. शंभर यार्डांच्या शर्यतीत जे वैगुण्य झाकून जाईल, ते येथे प्रत्येक पावलागणिक वाढत जाते. शिवाय सरावाचा मूळ नियमच असा आहे की, शरीर थोडे झिजवावे व विश्रांतीत ते पूर्वीपेक्षा बळकट होऊ द्यावे. या दृष्टीने सराव आणि दुखापत ही एकाच घरची भावंडे होत. भेद असतो तो प्रमाणाचा. त्यातही शरीराचे सर्व भाग एका वेगाने सुधारत नाहीत. हृदय व फुप्फुसे यांची शक्ती काही आठवड्यांतच वाढू लागते. स्नायूंना हाडांशी जखडणारे कंडरे आणि प्रत्यक्ष हाडे यांस मात्र त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. सराव सुटला म्हणजे कमावलेला दम दोनतीन आठवड्यांतच उतरू लागतो. दुखापत झालेल्या धावकाची खरी कोंडी येथे आहे. थांबावे तर दम जातो, न थांबावे तर पाय जातो. आणि शर्यतीची तारीख काही त्याच्यासाठी पुढे ढकलली जात नाही.

ही कोंडी दोन माणसांनी कशी सोडविली याचे एक उत्तम उदाहरण १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न येथे झालेल्या ऑलिम्पिक मॅरेथॉनमध्ये पाहावयास मिळते. त्या शर्यतीत चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक आणि फ्रान्सचा अलँ मिमून हे दोघे जुने प्रतिस्पर्धी, आणि तितकेच जुने मित्र, एकत्र धावले. झाटोपेक त्या वेळी ३४ वर्षांचा होता, मिमून ३५ वर्षांचा. दोघांच्याही मागे दुखापतीचा इतिहास होता. परंतु त्या इतिहासाने दोघांस शिकविलेले धडे अगदी भिन्न होते.

झाटोपेकचा जन्म १९२२ साली मोरेव्हियातील कोप्रिव्हनित्से या गावी झाला. तरुणपणी तो झ्लीन येथील बाटाच्या पादत्राणांच्या कारखान्यात कामास होता. १९४१ साली कारखान्याने एक शर्यत ठरविली, आणि तीत धावण्याचा हुकूम त्यास झाला. आपण अशक्त आहोत, आपणांस धावता येणार नाही, अशी सबब त्याने सांगून पाहिली. तेव्हा त्यास डॉक्टरांकडे पाठविण्यात आले, आणि डॉक्टरांनी तो ठणठणीत असल्याचा निर्वाळा दिला. पुढे ज्यास डॉक्टर धावण्यापासून परावृत्त करू शकले नाहीत, तो मूळ धावू लागला डॉक्टरांच्याच दाखल्यावर! त्या शर्यतीत तो दुसरा आला आणि धावण्याची गोडी त्यास लागली. लष्करात गेल्यावर जड बूट घालून, प्रसंगी बर्फातून, तो सराव करी. चारशे मीटरची फेरी वेगाने धावावयाची, मध्ये किंचित हळू व्हावयाचे, की पुन्हा दुसरी फेरी. अशा फेऱ्या तो दिवसाकाठी वीस, चाळीस आणि पुढे तर त्याहूनही कितीतरी अधिक मारी. १९४८ साली लंडनला त्याने दहा हजार मीटरमध्ये सुवर्णपदक मिळविले. १९५२ साली हेलसिंकी येथे पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती त्याने एकाच ऑलिम्पिकमध्ये जिंकल्या, आणि तो पराक्रम त्याच्यानंतर कोणासही साधलेला नाही. जो सर्वांहून अधिक सोशील तो जिंकेल, हे त्याच्या सरावाचे सूत्र होते, आणि अनेक वर्षे अनुभवाने त्याची बाजू घेतली.

या सूत्राचा सर्वांत मोठा विजय १९५० साली ब्रुसेल्स येथे झाला. युरोपीय अजिंक्यपदाच्या शर्यतींपूर्वी अन्नविषबाधा होऊन झाटोपेक रुग्णालयात पडला होता. तेथून सुटून तो थेट शर्यतीस आला, आणि दहा हजार मीटरमध्ये ६९ सेकंदांच्या, तर पाच हजार मीटरमध्ये २३ सेकंदांच्या अंतराने पहिला आला. दोन्ही शर्यतींत दुसऱ्या क्रमांकावर अलँ मिमून होता. रुग्णशय्येवरून नुकत्याच उठलेल्या माणसाने आपणांस एवढ्या अंतराने मागे टाकावे, हे पाहून मिमूनच्या मनाची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करता येते. आमच्या मते मात्र त्या विजयाने खरी हानी झाली ती विजेत्याची. पोटाचा विकार आणि स्नायूंची इजा यांत मोठा भेद आहे. विषबाधा उतरली म्हणजे माणूस बहुधा पूर्ववत होतो, फाटलेले शरीर तसे होत नाही. यशाने हा भेद झाकून टाकला, आणि आजारास दाद न दिली तरी चालते एवढाच धडा मागे ठेविला.

मिमूनचा धडा निराळ्या शाळेतला होता. त्याचा जन्म १९२१ साली अल्जीरियात झाला. दुसऱ्या महायुद्धात तो फ्रेंच सैन्यात होता. जानेवारी १९४४ मध्ये इटलीतील मोंते कासिनोच्या रणभूमीवर तोफगोळ्याच्या तुकड्यांनी त्याचा पाय जबर जखमी झाला. पाय कापून टाकण्याचा विचार डॉक्टरांत चालला होता. केवळ थोडक्यात तो वाचला. युद्ध संपल्यावर पॅरिसमधील एका क्रीडासंस्थेच्या उपाहारगृहात वेटरचे काम करून तो धावण्याचा सराव करी. १९४८ आणि १९५२ या दोन ऑलिम्पिकांत मिळून त्याने तीन रौप्यपदके मिळविली, आणि तिन्ही वेळा त्याच्यापुढे झाटोपेकच होता. त्यानंतर १९५४ च्या सुमारास त्यास सायटिकेने, म्हणजे आपल्या आयुर्वेदात ज्यास गृध्रसी म्हणतात त्या कमरेपासून पायापर्यंत जाणाऱ्या तिडिकेने, ग्रासले. त्याचे धावणे संपले असे पुष्कळांस वाटले. ज्याचा पाय एकदा शस्त्राखाली जाता जाता राहिला आहे, त्यास शरीर ही हुकमाची चाकर नव्हे हे सांगावे लागत नाही. मिमून थांबला, हळूहळू पूर्वपदावर आला, आणि तोवर कधीही न धावलेली मॅरेथॉन धावण्याचे ठरवून मेलबर्नला गेला.

त्याच वर्षी झाटोपेकवर मात्र संकट ओढवले. सरावात काही कसर राहू नये म्हणून पत्नी दाना हिला पाठीवर घेऊन तो धावे असे सांगतात. ही दाना स्वतः हेलसिंकीची भालाफेकीतील सुवर्णपदकविजेती होती. या अतिरेकाने म्हणा वा अन्य कारणाने म्हणा, त्यास जांघेत अंतर्गळाचा विकार जडला व शस्त्रक्रिया करावी लागली. ज्या जागी शस्त्रक्रिया झाली होती, तीवर प्रत्येक पावलाचा ताण येणार हे उघड होते. तथापि रुग्णालयातून बाहेर पडल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याने पुन्हा सराव सुरू केला. ब्रुसेल्सला जे साधले ते मेलबर्नला का साधू नये, असे त्यास वाटले असल्यास नवल नाही.

शर्यतीच्या दिवशी कडक ऊन होते. सुमारे निम्मे अंतर संपल्यानंतर मिमून पुढे निघाला तो अखेरपर्यंत कोणास सापडला नाही. २ तास २५ मिनिटांत त्याने शर्यत जिंकली. दुसरा युगोस्लाव्हियाचा मिहालिच आला, तिसरा फिनलंडचा कार्व्होनेन. मिमून मैदान सोडून गेला नाही; तो शेवटच्या रेषेपाशी उभा राहून मार्गाकडे पाहत राहिला. साडेचार मिनिटांनी सहाव्या क्रमांकावर झाटोपेक थकून भागून आत आला. आपण जिंकल्याचे मिमूनने त्यास सांगितले. तेव्हा झाटोपेकने डोक्यावरची टोपी काढली, मित्रास लष्करी पद्धतीने मानवंदना दिली आणि मग त्यास मिठी मारली. ज्याच्या पाठीकडे पाहत मिमूनने आठ वर्षे काढली होती, त्याची ती मिठी सुवर्णपदकाइतकीच आपणांस मोलाची वाटली, असे तो पुढे सांगत असे.

एका शर्यतीवरून सिद्धांत काढणे धाडसाचे होईल हे मान्य केले पाहिजे. मॅरेथॉनच्या निकालास उष्णता, वारा, दैव अशी अनेक कारणे असतात. आणि सहावा क्रमांक हा काही अपमान नव्हे. परंतु वयाने दोघे सारखे होते, सरावाची निष्ठा दोघांची सारखी होती, आणि जिद्दीच्या बाबतीत झाटोपेकला कमी लेखण्याचे धाडस कोणी करणार नाही. जिद्दीने निकाल लागत असता तर तो निराळा लागावयास हवा होता.

याच संदर्भात आपल्या मातीतील एका वीराचे स्मरण होते. हेलसिंकीच्या ज्या ऑलिम्पिकमध्ये झाटोपेकने तीन सुवर्णपदके मिळविली, त्याच ऑलिम्पिकमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिम्पिक पदक होय. त्यांची नजरही पुढे मेलबर्नकडे होती. परंतु गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने ती वाट बंद केली. पदरमोड करून व गावकऱ्यांकडून वर्गणी जमवून जो माणूस हेलसिंकीस गेला होता, त्यास जिद्दीचा पाठ देण्याचा अधिकार कोणाचा? तरीही गुडघ्याने त्यांचे ऐकले नाही. जिंकलेल्यांची चरित्रे वाचताना, न जिंकू शकलेल्या अशा माणसांत निश्चय उणा होता असे अनुमान आपण नकळत करीत असतो, आणि ते त्यांच्यावर अन्याय करणारे असते.

जिद्द तीच, माणूसही तोच, आणि निकाल मात्र परस्परविरुद्ध, असे उदाहरण पाहावयाचे असेल तर इथिओपियाचा अबेबे बिकिला याच्याकडे वळावे लागते. सम्राटाच्या रक्षकदलातील या सैनिकाने १९६० साली रोमची मॅरेथॉन अनवाणी पायांनी जिंकून जगास थक्क केले होते. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकला पाचसहा आठवडेच उरले असता त्याच्या अपेंडिक्सवर शस्त्रक्रिया करावी लागली. तो धावू शकेल अशी आशा फार थोड्यांस होती. परंतु २१ ऑक्टोबर १९६४ रोजी त्याने २ तास १२ मिनिटे ११ सेकंदांत, म्हणजे तोवरच्या कोणाही माणसाहून कमी वेळात, ती शर्यत जिंकली, आणि शेवटची रेषा ओलांडल्यावर हिरवळीवर खुशाल व्यायाम करू लागला. ऑलिम्पिक मॅरेथॉन दोनदा जिंकणारा तो पहिलाच पुरुष.

चार वर्षांनी, १९६८ साली, तो मेक्सिकोस गेला. या वेळी त्याच्या पायाच्या नडगीलगतच्या बारीक हाडास अतिश्रमाने तडा गेला होता. तरीही तो शर्यतीस उभा राहिला. सुमारे सतरा किलोमीटर धावल्यावर त्यास थांबावे लागले, आणि सुवर्णपदक त्याचाच देशबंधू मामो वोल्डे याने मिळविले. टोकियोचा बिकिला आणि मेक्सिकोचा बिकिला यांच्या निश्चयात काही अंतर होते असे मानण्यास आधार नाही. अंतर होते ते दुखापतीत. टोकियोपूर्वी त्याचा बहुतेक सराव होऊन गेला होता, पाय शाबूत होते, आणि पोटावरची जखम भरावयास जेमतेम पुरेल इतका अवधी होता. मेक्सिकोत ज्या हाडावर सारा भार टाकावयाचा तेच दुखावले होते, आणि हाड स्वतःच्याच गतीने सांधते.

पुढे १९६९ साली मोटारीच्या अपघातात बिकिलाचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे त्याच्यावर उपचार झाले. पाय पुन्हा चालणार नाहीत हे कळल्यावर त्याने चाकांच्या खुर्चीत बसून धनुर्विद्येचा सराव केला आणि तेथील स्पर्धांत भागही घेतला. १९७३ साली तो वारला. आमच्या दृष्टीने त्याच्या चरित्रातील हे अखेरचे पर्व रोमच्या विजयाहून कमी नाही. जे होणार नाही ते नीट ओळखून जे होऊ शकते त्याचा ध्यास घेणे, हे तेथे स्पष्ट दिसते.

ही ओळख आणि सराव यांचा मेळ घालण्याचे तंत्र पुढील काळात हळूहळू तयार झाले. अमेरिकेची जोन बेनॉइट हिची हकीकत त्याची साक्ष देईल. १९८४ साली लॉस एंजेलिस येथे ऑलिम्पिकच्या इतिहासात प्रथमच स्त्रियांची मॅरेथॉन व्हावयाची होती. १९२८ साली आठशे मीटर धावल्यावर काही स्त्रिया थकलेल्या दिसल्या, एवढ्यावरून ती शर्यत ऑलिम्पिकमधून १९६० पर्यंत काढून टाकण्यात आली होती. हे लक्षात घेता या नव्या शर्यतीचे महत्त्व कळून येईल. बेनॉइटने १९८३ साली बॉस्टन येथे २ तास २२ मिनिटे ४३ सेकंद असा जागतिक उच्चांक केला होता. परंतु मार्च १९८४ मध्ये सरावाच्या एका लांब धावेत तिचा गुडघा एकाएकी दुखावला. विश्रांती, पुन्हा प्रयत्न, पुन्हा वेदना असे काही आठवडे गेले. अखेर २५ एप्रिल रोजी, बारीक छिद्रातून दुर्बीण घालून करतात ती शस्त्रक्रिया करून घेण्यात आली. अमेरिकेचा संघ निवडण्याची शर्यत १२ मे रोजी होती; मध्ये अवघे सतरा दिवस!

या सतरा दिवसांत तिने जे केले ते पाहण्यासारखे आहे. गुडघ्यास भार सोसवत नव्हता तोवर सायकलीची पायटी तिने हातांनी फिरविली. पाय विसावले तरी हृदय व फुप्फुसे यांचे काम चालू ठेवावयाचे, म्हणजे दम उतरत नाही, हा त्यामागील हेतू. पूर्वी जी कोंडी अभेद्य वाटे, तीत अशा रीतीने एक वाट सापडली. तरीही घाईचा थोडासा दंड तिलाही भरावा लागला. दुखऱ्या पायास सांभाळून धावताना दुसऱ्या पायावर अधिक भार पडला, आणि त्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला. आपल्याकडील कोणत्याही तालमीतील जाणता वस्ताद सांगेल की, एक अंग चोरले की दुसरे अंग धरते. तोच हा प्रकार. तिला पुन्हा उपचार घ्यावे लागले. निवड पहिल्या तिघींची व्हावयाची होती. तिने ती शर्यत २ तास ३१ मिनिटे ४ सेकंदांत जिंकली. हा वेळ तिच्या स्वतःच्या उच्चांकाहून आठ मिनिटांनी अधिक होता, हे येथे विशेष ध्यानात घ्यावे. पुढच्या बारा आठवड्यांत तिने सराव पूर्ववत केला, आणि ५ ऑगस्ट रोजी २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत स्त्रियांची पहिली ऑलिम्पिक मॅरेथॉन जिंकली.

वैद्यकशास्त्रही या काळात बदलले. पूर्वी दुखापत म्हणजे एकतर दुर्लक्ष, नाहीतर संपूर्ण अंथरूण, असे दोनच मार्ग होते. पायावर सोसेल इतकाच भार टाकावा, तो पायरीपायरीने वाढवावा, आणि मधल्या काळात पोहणे, सायकल यांसारख्या मार्गांनी दम राखावा, ही दृष्टी आज रूढ झाली आहे. भार मुळीच न पडल्यास कंडरे व हाडे दुबळी होतात, आणि अकाली पडल्यास पुन्हा तुटतात, हे आता चांगले कळले आहे. पण कोणत्या दिवशी किती भार टाकावयाचा, याचा निर्णय अखेर त्या माणसानेच करावयाचा असतो, आणि तो शर्यतीच्या तारखेकडे डोळे लावून बसलेला असतो. यंत्रांनी तडा दिसतो. अधीरता दिसत नाही.

मराठीत जिद्द आणि धीर हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि व्यवहारात आपण त्यांची गल्लत करतो. जिद्द माणसास धावावयास लावते. दुखापतीच्या महिन्यांत त्यास लागतो तो धीर, म्हणजे आज धावता येणार नाही हे कबूल करूनही उद्याची आशा न सोडणे. मिमूनने धीर धरला. बेनॉइटने तो बऱ्याच अंशी धरला आणि जेथे सुटला तेथे त्याची किंमत दिली. झाटोपेकसारख्या थोर माणसासही तो शेवटच्या वर्षी साधला नाही. यात त्याची थोरवी उणी होते असे आम्हांस वाटत नाही. पराभवानंतर टोपी काढून मित्रास मानवंदना देणारा माणूस कोणत्याही विजेत्याहून लहान नसतो. परंतु मुलांच्या हाती त्याचे चरित्र देताना हेलसिंकीच्या तीन सुवर्णपदकांपाशी पुस्तक मिटू नये. मेलबर्नचे पानही त्यांच्याकडून वाचून घ्यावे, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या त्या दुसऱ्या दिवशी झाटोपेकने काय करावयास हवे होते, हा प्रश्न त्यांस विचारावा. अंथरुणावर असलेल्या एखाद्या मुलास पुढे कधी त्या उत्तराचा उपयोग होईल.